खांद्यावरचा गमछा

मुलचेरा,
१५ नोव्हेंबर २०२४

चि. विक्कीस नीलिमाताईचे अनेक आशीर्वाद.

आठवडा झाला, तुझा फोन लागत नाही. बुधवारी पेपरात आलं, की समुद्रातून दुसऱ्या महायुद्धाच्या काळातलं विमान काढताना एक पाणबुड्या सोमवारी त्यात अडकला. नाव दिलेलं नाही. तूही त्याच कामावर, म्हणून जीव टांगणीला लागला आहे. कंपनीच्या बंदरावरच्या पत्त्यावर लिहिते आहे.

आईचं काय सांगू? बाबा मासोळीसाठी तलावात बुडी मारायचे, तेव्हा ती त्यांचा गमछा धरून काठावर उभी राहायची. ते वर येईपर्यंत खाली ठेवायची नाही. तू गेल्यापासून तुझा गमछा तिच्या खांद्यावर आहे, धान कापतानासुद्धा. त्याला इतका वास यायला लागला, की सोमवारी मी तो हसत हसत ओढून घेतला, धुतला आणि वाळत घातला. नेमका सोमवारीच! बातमी कळल्यापासून आई माझ्याशी बोलत नाही, नीट जेवत नाही. माझं हसूही पळालं आहे. दोन ओळी तरी पाठव.

तुझी,
ताई


विशाखापट्टणम,
२१ नोव्हेंबर

ती. आई व ताईस विक्कीचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

मी धडधाकट आहे. माझा फोन समुद्रात पडला. दुसऱ्याच्या फोनवरून लावून पाहिलं, तर आपल्याकडचा टॉवर बंद.

अडकला तो माझा जोडीदार बिरजू. विमानाच्या पंखाखाली त्याची हवेची नळी गुंतली. सोमवारी मी बोटीवर होतो, त्याचीच नळी हातात धरून. खालचा वर येईपर्यंत वरच्यानं ती सोडायची नाही, असा इथला नियम आहे. ओढ वेगळी लागली तसं मी ओरडलो, दुसरा माणूस उतरला आणि बिरजू वर आला. आता तो दोन्ही वेळ जेवतो आणि मलाच शिव्या देतो.

तेव्हा ताईनं गमछा धुतला त्या दिवशी मी पाण्यात नव्हतोच. चूक माझी आहे. आम्ही तासाभरात वर येतो, हे घरी सांगायचंच राहिलं. आईला वाटलं, मी दिवाळीपासून तळाशीच बसलोय.

काल विमान वर आलं. बसायच्या जागेत चालवणाऱ्याची हाडं होती. पोरसवदाच असावा, असं साहेब म्हणाले. ऐंशी वर्षं तो खाली होता. पेटीत घालून त्याला त्याच्या देशात पाठवणार आहेत. मला आईची फार आठवण आली.

आपला,
विक्की


मुलचेरा,
२९ नोव्हेंबर

चि. विक्कीस अनेक आशीर्वाद.

आईनं तुझं पत्र दोनदा वाचून घेतलं. मग ताटभर भात जेवली आणि माझ्याशी बोलली. पहिलं वाक्य काय, तर वरणात मीठ नाई. मला रडूच आलं. नंतर तुझा गमछा तिनं आपल्या हातानं खुंटीला टांगला.

सोबत एक कोरा गमछा पाठवते आहे. तो तुझ्यासाठी नाही. आई म्हणाली, "त्या इमानातल्या पोराच्या पेटीत ठेवजो म्हणावं. त्याची मायबी असाच धरून गेली असन. तिले सांग, पोरगं वर आलं, आता खाली ठेव."

साहेबांना विचारून बघ. नाही म्हणाले, तरी आईला सांगू नकोस.

माया आहेच, तू फक्त वर येत राहा.

तुझी,
ताई