चुगलखोर मशीन

चि. धाकटीस थोरल्या बहिणीचे पोटभर आशीर्वाद.

इकडे लेकाकडे मी ठणठणीत आहे. झोपेत माझा श्वास मध्येच थांबतो म्हणून डॉक्टरांनी नाकावर लावायचं हवेचं मशीन दिलंय. आधी हवा अंगावर धावूनच यायची. मशीनवाल्याने येऊन सुरुवातीची हवा मंद केली, नळी कोमट केली. जाताना म्हणाला, "आजी, पहाटे मास्क काढून ठेवता ना?"

मी सुनेकडे बघितलं. चुगली हिचीच! मग तिच्याशी धड बोललेच नाही. नंतर कळलं, ते मशीनच त्याला सगळं कळवतं. सून म्हणाली, "आता त्याच्याशी धरा अबोला." जिभेला धार आहे, पण पोर बरी आहे.

मशीनसमोर मी घरातलं काही बोलत नाही. त्याचा काय भरवसा?

तुझं घोरणं मध्येच बंद पडतं का गं? यजमानांना विचार, ते बिचारे जागेच असतील. हसू नकोस. आपली आई झोपेतच गेली, तेव्हा सगळे म्हणाले, पुण्यवान बाई. मला आता त्या पुण्याचाच संशय येतोय. तू मुकाट्याने तपासून घे.

तुझ्यावर डोळा ठेवून असलेली,
ताई