रफूच्या टेबलावरचा कॅमेरा

ता. ६, सोमवार

माझ्या टेबलावरचा कॅमेरा मला न विचारता उचलून नेलास आणि त्या जागी दुसराच बसवून गेलीस. बसमध्ये बसेपर्यंत अवाक्षर काढलं नाहीस. चोर निदान बदली वस्तू ठेवून जात नाही, त्यामुळे चोरी लगेच कळते. मला कळलं ते दुसऱ्या दिवशी, एका साहेबाच्या कोटात सुई घातल्यावर.

आता रीतीचं. चि. टिटवी हिला आजीचा आशीर्वाद. मी बरी आहे. गुडघा बरा नाही, पण तो माझं कधीच ऐकत नाही. फोन केला असता, पण फोनवर तू हो हो म्हणतेस आणि काम होत नाही. कागदावरचं नाकारता येत नाही, म्हणून लिहिते.

जुना कॅमेरा स्टँडवरून खाली तोंड करून लटकायचा. त्याचा पडदा मागून वर उचलला की थेट माझ्या तोंडासमोर यायचा. खाली कापड, आणि पडद्यावर तेच कापड, दोरा सुतळीएवढा. पुढची कडी हाताने फिरवली की हवं तिथे स्वच्छ दिसायचं आणि तिथेच राहायचं. मी हात घालू दे, काढू दे, शिंकू दे, तो हलायचा नाही. भिंग वापरून पाहिलं होतं, पण ते धरायला तिसरा हात लागतो. तूच तो कॅमेरा मागे एकदा माझ्या हाताचा फोटो काढायला म्हणून तिथे टांगलास आणि विसरून गेलीस. तेव्हापासून माझं काम त्याच्यावर चाललंय.

हा नवा अतिशहाणा आहे. हात दिसला की कापड सोडून बोटामागे धावतो. बोट काढलं की पुढे-मागे करत बसतो, तोवर मी उभा दोरा कुठला आणि आडवा कुठला ते विसरते. जरा विचार करायला थांबलं की हा झोपतो. पडदा मागून उचलत नाही, कपाटाच्या दारासारखा बाजूला उघडतो आणि माझ्या डाव्या कोपराला आपटतो. परवा जवळून बघायला वाकले तर नाक लागलं पडद्याला, आणि त्याने फोटो काढला. माझ्या अंगठ्याचे इतके फोटो निघालेत की पोलिसांकडेही कुणाचे नसतील. खालचा लाँड्रीवाला एक शर्ट देऊन गेला, त्यावर माकडाचं चित्र. हा कॅमेरा माकडाच्या डोळ्याभोवती चौकोन काढून बसला. भोक राहिलं बाजूला.

कोटाला सिगारेटने पडलेलं भोक आहे, छातीवर, सगळ्यांना दिसेल असं. माणसं जळायची तिथे नेमकी जळत नाहीत. लाँड्रीवाला भला आहे, पण काम अडलं की भले लोकसुद्धा दुसरीकडे जातात. पलीकडच्या गल्लीत एक जण मशीनवर रफू करून देतो. रफू कसला, ठिगळ लावतो आणि इस्त्रीने दाबतो.

तेव्हा जुना परत पाठव. आणि तुझ्या बापाला यातलं काही सांगू नकोस. त्याला माझ्या मोतीबिंदूवर बोलायला निमित्तच हवं असतं. ऑपरेशनचा विषय या घरात बंद आहे, हे मी त्याला दारात उभं करून सांगितलंय.

सूनबाईला आशीर्वाद. केस नीट बांधत जा, माया आहे तेवढी आहेच.

तुझी आजी

*

ता. ११, शनिवार

ती. आजीस,

टिटवीचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

पत्र पोचलं. शिव्या मोजल्या नाहीत, वाचून मात्र पोटभर हसले. आईने विचारलं एवढं काय आहे, तर मी माकडापुरतंच सांगितलं. बाबांना काही बोलले नाही.

आजी, तो नवा कॅमेरा वाईट नाही. त्याला माणसं शोधायची सवय लावून पाठवलेलं असतं. शाळेतली मुलं, लग्नातले पाहुणे, धावणारी कुत्री, सगळ्यांचे डोळे तो स्वतः हुडकतो, कारण घेणाऱ्याला तेच हवं असतं. तुझ्यासारखी गिऱ्हाइकं कंपनीने धरलेली नाहीत. ती सवय मोडता येते. सोबतच्या कागदावर चित्रं काढून दिलीत, मोठ्या अक्षरांत. पहिल्या चित्रातलं बटण दाबलंस की तो डोळे शोधायचं सोडेल. दुसऱ्याने कडी तुझ्या हातात येईल, जुन्यासारखी. तिसऱ्याने झोपणं बंद. चौथ्याने पडद्याला नाक लागलं तरी फोटो निघणार नाही. एवढं झालं की हा जुन्यापेक्षा गरीब होईल बघ.

कोपराचं म्हणशील तर स्टँड टेबलाच्या उजव्या कडेला हलव आणि कॅमेरा उलटा फिरवून लाव. पडदा मग उजवीकडे उघडेल. चित्र उलटं दिसलं तर पाचवं बटण.

आणि बॅटरीचं तू लिहिलं नाहीस. जुन्याची बॅटरी अर्धा कोट होईपर्यंत संपायची, आणि ती भरेस्तोवर तू लाँड्रीवाल्याशी भांडायला खाली जायचीस. नवा भिंतीतल्या वायरवर दिवसभर चालतो. संध्याकाळच्या उजेडातही त्याला जुन्याहून बरंच साफ दिसतं. काळ्या कापडावर काळा दोरा बघ एकदा.

जुना मला बरा आहे. त्याला मागे डोळा लावून बघायची खिडकी आहे, नव्याला ती नाही, फक्त पडदा. खिडकीला डोळा लावला की उन्हातसुद्धा छान दिसतं. तो हलका आहे, हाताला बसलाय. काम उत्तम चाललंय. आमचे साहेब खूश आहेत. शाळांचे फोटो हे सोपं काम आहे, मुलं उभी राहतात, मी काढते.

तुझ्या कोटाला शुभेच्छा. माझ्यावरचा राग थोडा ठेव, थोडा काढून टाक, लोभ आहे तसाच राहू दे.

तुझी
टिटवी

*

ता. १७, शुक्रवार

चि. दादूस,

आईचा आशीर्वाद. सुखरूप असशील. लिफ्ट दुरुस्तीला खड्ड्यात उतरताना वर कुणाला तरी उभं करत जा, एवढं वय झालं तरी मला सांगावं लागतं.

तुझ्या पोरीने माझ्याकडे नवा कॅमेरा ठेवलाय आणि जुना नेलाय. तुला सांगू नको असं मीच तिला लिहिलं होतं, आता मीच सांगते. आधी मी त्या नव्याला बरंच बोलले. ते बोलणं मागे घेते. तिने चित्रं काढून पाठवली, तसं केलं, आणि आता तो निमूट आहे. बोटामागे धावत नाही, झोपत नाही. काळ्या कोटाचा काळा दोरा जुन्यावर मला अंदाजाने धरावा लागायचा, यावर सरळ दिसतो. पडदा बाजूला उघडतो ते मात्र मला अजून आवडलेलं नाही. कोट झाला. साहेब स्वतः आला, उजेडात धरून भोक शोधलं, सापडलं नाही, तर म्हणाला हा कोट आपला नव्हेच. त्याला खिशातला रुमाल दाखवावा लागला.

आता मुद्द्याचं. ती लिहिते की जुना कॅमेरा हलका, जुना हाताला बसलेला, जुन्याला खिडकी. नव्या सुनेसमोर जुनीचे गुण गाणारी सासू मी पाहिली आहे. पण हीच पोरगी माझ्या टेबलाशी बसून त्याच जुन्याला बोल लावायची, की मुलगा हलला की हा पुसट काढतो, डोळे मिटलेलेच धरतो, आणि एक फोटो पक्का येईपर्यंत पोरं पुढच्या वर्गात जातात. मग एकाएकी एवढं प्रेम कुठून आलं? आणि काम उत्तम चाललंय असं तिने एका पत्रात एकदाच लिहिलंय, त्याखाली एकही गोष्ट नाही. काम खरंच उत्तम चाललं असतं तर कुठल्या पोराने नाक पुसलं आणि कुठल्या बाई रुसल्या, यात दोन पानं भरली असती. पोटात काही दडवायचं असलं की ती थोडक्यात लिहिते, हे लहानपणापासून आहे.

मला खरं काय ते कळव. तू गुळमुळीत लिहितोस, या वेळी तसं नको. आणि माझ्या डोळ्याचं एक अक्षर लिहिलंस तर तिथून पुढचं पत्र मी वाचणार नाही.

सूनबाईला विचारलंय म्हणून सांग. पोरीला हे पत्र दाखवू नकोस.

आई

*

ता. २२, बुधवार

ती. आईस,

सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. तू सांगितलंस तो विषय मी काढत नाही. फक्त टिटवीचं लिहितो, जेवढं मला तिच्याकडून काढता आलं तेवढं.

तिचे साहेब शाळांचे वर्गफोटो घेतात. हाताखालच्या प्रत्येकाने आपला कॅमेरा आपण आणायचा, हा त्यांचा नियम. जुना तुझ्याकडे राहिल्यावर ती उसन्या कॅमेऱ्यावर भागवत होती, मग साठवून तो नवा त्यासाठीच घेतला. नवा घेतल्यापासून काम जमू लागलं होतं, मुलं हलली तरी चेहरे पक्के यायचे. त्याच आठवड्यात ती तुझ्याकडे आली, आणि जाताना तो तुझ्या टेबलावर लावून आली.

कारण असं, की जुन्याचा पडदा जात होता. वर-खाली उचलून उचलून आतली पट्टी झिजते म्हणे. ती तुझ्या शेजारी बसली होती तेव्हा पडदा मिचकावत होता, काही वेळ काळा व्हायचा, पुन्हा यायचा. तू सुई थांबवायचीस, तो आला की पुढे चालू करायचीस, आणि काहीच बोलायची नाहीस. तिने ते दोन-तीनदा पाहिलं. इथे आणल्यावर तो पूर्ण बंद झाला. दुरुस्तीवाल्याने उघडून पाहिला. तो म्हणाला, कॅमेरा ठणठणीत आहे, पण त्या मॉडेलची पट्टी आता बनत नाही, जुनं कुणाचं मोडलेलं मिळालं तरच. म्हणजे आता त्यात फक्त खिडकीतून दिसतं. तिला चालतं, तुला चालणार नाही. एका हातात कापड, दुसऱ्यात सुई, तू डोळा कुठे लावणार?

तिला चालतं म्हटलं, तेही खरं नाही. गेल्या शाळेत लहान वर्गाचे निम्मे चेहरे पुसट आले. साहेबांनी तिला बसवून सांगितलं की शेवटच्या शाळेला, येत्या महिन्याच्या सुरुवातीला, असंच झालं तर दुसरीकडे बघ. साहेब वाईट नाहीत. मुलांचे आईबाप फोटो परत करतात, ते तरी काय करणार. मी तिला म्हटलं, आजीला लिही आणि नवा मागून घे. ती म्हणाली, मग आजीने काय टेबलाकडे बघत बसायचं?

लगेच तिसरा कॅमेरा घेणं आमच्याच्याने होणार नाही. मी तुला काही सुचवत नाही. तू विचारलंस म्हणून लिहिलं.

लिफ्टवर माणूस उभा करतो. प्रकृतीला जप, आमच्यावर आहे ती माया ओसरू देऊ नकोस.

तुझा
दादू

*

ता. २६, रविवार

चि. दादूस,

आशीर्वाद. या वेळी गुळमुळीत लिहिलं नाहीस. जमतं तुला.

लाँड्रीवाल्याची गाडी उद्या तुमच्याकडे माल पोचवायला येते. तिच्यात नवा कॅमेरा पाठवते आहे. माझ्या लोकरी शालीत गुंडाळलाय. शाल परत पाठवायची. बटणं मी फिरवलेली आहेत, पोरीला सांग आधी ती सरळ कर, नाहीतर शाळेत जाऊन पोरांचे अंगठे काढत बसेल. तिने माझ्यासाठी केलं ते मला कळलं, त्यावर पान भरायची गरज नाही. पण काम तिचं, कॅमेरा तिचा, आणि आजी काही शाळेत फोटोला उभं राहणाऱ्यांतली नाही. असला शहाणपणा पुन्हा केला तर कान ओढीन म्हणावं.

तुला वाटलं असेल मला त्या पडद्याचं कळलं नाही. कळलं होतं. तो मिचकावायचा ते मला दिसत होतं. मला वाटलं माझाच डोळा गेला. म्हणून थांबायचे, परत दिसायला लागलं की हुश्श करायचे आणि गप्प बसायचे. तोंडातून काढलं असतं तर तू पहिल्या गाडीने येऊन मला दवाखान्यात बसवलं असतंस. तुझं पत्र वाचून आधी मी हसले, की चला, डोळा नव्हता, पट्टी होती. मग दोन दिवस हसू आलं नाही. वस्तू बिघडली की आपण बिघडलो, हे जिला ओळखता येत नाही, तिने लोकांच्या कोटाला हात लावू नये. मी चाळीस वर्षं लोकांना सांगत आले की भोक लहान असताना आणा, मोठं झाल्यावर मला दोष देऊ नका.

भीती वाटते. ती वाटते हे लिहिते, त्यावर तू मला धीर देणारं काही लिहू नकोस. मी दुसऱ्याच्या कापडात सुई घालते ते कापड ओरडत नाही म्हणून. कोपऱ्यावरची बटणवाली डोळा करून आली, आता म्हणते आपलं स्वयंपाकघर एवढं मळकट आहे हे माहीत असतं तर केलाच नसता. म्हणजे दिसतं तरी.

तेव्हा विषय तू काढला नाहीस, मी काढते. लाँड्रीवाल्याला खाली जाऊन सांगितलं की काही दिवस काम घेणार नाही. तो म्हणाला, थांबतो. ठिगळवाल्याकडे गेला तर बघते. हातातलं एक पोलकं बिनकॅमेऱ्याचं जमेल तेवढं करून दिलं. टाके वाकडे आलेत, मला दिसले नाहीत, बोटाला लागले. पैसे घेतले नाहीत.

आधी उजवा डोळा करायचा, तो जास्त गेलाय. तू रजा काढून यायचंस. सूनबाईने यायचं नाही, ती मला बघून रडते आणि मग मलाच तिची समजूत काढावी लागते. पोरीने तर मुळीच यायचं नाही, तिची शाळा आहे. जुना कॅमेरा मोडीत घालू नका म्हणावं, पट्टी मिळाली तर मिळाली.

डॉक्टरकडून तारीख घे आणि ती कळव. उत्तर तू लिहायचं, तुझ्या हाताने. टिटवी गोड लिहिते, तिला लिहू देऊ नकोस. आणि मोठ्या अक्षरांत लिही, कॅमेरा उद्या जातोय.

आई