दोन पंच आणि तेरावं पान

३ मे, आखन, जर्मनी
ईश्वरीचे बाबा आले — दत्तात्रयकाका, निवृत्त पोलीस निरीक्षक. बॅगेत चिवडा आणि हाताने लिहिलेली बारा प्रकरणं. स्वतः केलेले तपास, सगळे खरे! पुस्तक काढायचंय. "शुद्धलेखन कुणाचं चांगलंय?" ईश्वरीने माझ्याकडे बोट दाखवलं. रोज संध्याकाळी टायपिंग ठरलं.
"आणि थिसिस काय म्हणतोय?"
"चालू आहे, काका."
का बोललो! दीड वर्षापूर्वी विद्यापीठ सोडलं. सायकल दुरुस्तीच्या दुकानात आउसबिल्डुंग करतोय — शिकाऊ कारागीर! ईश्वरी स्वयंपाकघरात म्हणाली, "तूच सांगायचंस. बाबा जायच्या आत. मग लग्नाचं बोलू." २८ला त्यांचं विमान.

९ मे
काका गोष्ट लिहीत नाहीत, पंचनामा करतात. 'सदर मांजर भिंतीवर बसलेले मिळून आले.' मी 'सदर' काढलं. काकांनी परत घातलं.

१४ मे
नवा हुकूम — प्रत्येक प्रकरणाखाली दोन पंचांच्या सह्या. "खरं लिहिलंय म्हणायचं आणि पंच नकोत?" एक मी. दुसऱ्या पंच खालच्या मजल्यावरच्या जर्मन बाई, फ्राउ क्रेमर. मराठी शून्य! मी अख्खी घरफोडी जर्मनमध्ये सांगितली. त्यांनी चष्मा लावून पान उभं-आडवं तपासलं, "गेनाऊ!" — अगदी बरोबर! — म्हणाल्या, सही केली. काका खूश — "असा पंच उभ्या नोकरीत मिळाला नाही!"
'वरील मजकूर खरा आहे.' त्याखाली माझी सही. वाकडी आली.

१८ मे
नखं तीनदा घासली. वंगण जात नाही. काकांना सांगितलं — शाई.

२२ मे
प्रकरण नऊ. चोर पाच दिवस कबुली देईना.
"मग मारलंत?"
"छे! रोज चहा पाजला. बसून चहा प्यायला लागला की माणूस आपणहून बोलतो."
माझा कप तोंडाशी होता. खाली ठेवला.

२६ मे
आज सांगणारच होतो. तेवढ्यात फ्राउ क्रेमर सहीला आल्या. मला म्हणाल्या, तू ब्रेक नीट केलेस, सायकल मस्त चालते!
"काय म्हणतात?" काका.
"हवा छान आहे म्हणतात."
"गेनाऊ," काका म्हणाले.

२७ मे
बारा प्रकरणं संपली. काकांनी तेरावं पान पुढे सरकवलं.
'सदर इसमाच्या नखांत काळे वंगण मिळून आले. पँटच्या उजव्या पायावर सायकलच्या चेनचा डाग. थिसिसबाबत विचारले असता इसमाने जमिनीकडे पाहिले. इसम बरा वाटतो.'
खाली जबाबासाठी चार ओळी कोऱ्या. वर तारीख — ३ मे.
चार ओळींत मावेना. पुरवणी मागितली. काका चहा टाकायला उठले.