प्लॉट नंबर सातचे साग

१५ ऑक्टोबर, मंगळवार

नऊ! एका प्लॉटात नऊ साग वाळले. गेल्या नोव्हेंबरात सगळ्या झाडांना नंबर टाकले तेव्हा तेवीसच्या तेवीस साग ठणठणीत होते. फॉर्मवर ‘तब्येत: उत्तम’ असं मीच लिहिलं होतं.

टोकावड्याच्या वरच्या डोंगरात आमच्या संस्थेचे अभ्यासाचे बारा प्लॉट आहेत. दरवर्षी त्याच झाडांचा घेर मोजायचा, शेंडा बघायचा, कीड, बुरशी, वाळवी सगळं फॉर्मात भरायचं. ‘आमची लेक जंगलाची डॉक्टरीण आहे,’ असं आई मुरबाडभर सांगत सुटते. डॉक्टरीणबाईंच्या वॉर्डात नऊ पेशंट गेले आणि बाईंना पत्ता नाही!

कीड म्हणावी तर पानांची जाळी सगळ्याच सागांची झालीय, दरवर्षीच होते. त्यानं साग मरत नाही. प्लॉटच्या दोरीबाहेरचे साग हिरवेगार आहेत. आतले ऐन, किंजळ, हिरडा सगळे जिवंत. मेले ते फक्त साग, आणि तेही माझे नंबर असलेले. लाकडाचा भाव बघून लागणारी कीड मी तरी शिकलेली नाही.

दुसऱ्या कुठल्या प्लॉटात साग नाही, म्हणून ताडून बघायलाही काही नाही.

जैतूला विचारलं. दोन वर्षं माझ्यासोबत आहे तो. पन्नाशीचा, वरच्या वाडीचा, कमरेच्या आकडीला कोयता, बोलणं मोजून. म्हणाला, “झाडाचा पन टाइम येतो, बाय.”

नऊ झाडांचा एकदमच? म्हटल्यावर खाली बघून दोरी गुंडाळायला लागला.

१६ ऑक्टोबर

तो झाडांकडे बघत नव्हता. काल एकदाही नाही.

२० ऑक्टोबर, रविवार

आई म्हणते, दूधवाला हसला तरी तू पातेलं तपासशील. तपासते! आणि दोनदा पाणी सापडलंय.

टोकावड्याला चहाच्या टपरीवर वनरक्षक साईनाथ भेटला. नऊ साग म्हटल्यावर त्यानं चहा खाली ठेवला. म्हणाला, “मॅडम, नंबर पडला म्हनजे तोड आली, असं समजतात लोक. मग सरकारनं न्यायच्या आधी आपनच वाळवायचं. साल गोल काढली की झाड उभं मरतं. जुनी ट्रिक आहे.”

हे माझ्या कसं लक्षात आलं नाही? झाडाचं अन्न सालीतूनच मुळांकडे जातं. साल गोल तोडली की मुळं उपाशी. परीक्षेत दहा मार्कांचा प्रश्न होता. मी दहाच्या दहा मिळवले होते.

२६ ऑक्टोबर, शनिवार

एकटीच गेले प्लॉटवर. जैतूला मुद्दाम सांगितलं नाही.

साईनाथ म्हणाला तेच! नऊच्या नऊ सागांवर, छातीच्या उंचीला आमचा रंगाचा पट्टा आहे ना, त्याच्याखाली सालच नाही. नखानं रंग खरवडला तर सरळ लाकूड लागतं. चोराची हुशारी बघा — नेमकी आमच्याच पट्ट्यावर कापाकापी. वर रंग, खाली जखम. कोणाला दिसणार?

आणि उरलेल्या चौदा सागांच्या पट्ट्यावर शेण-मातीचा लेप! ताजा. काही नंबर पुरते झाकून गेलेत. हे चौदा अजून हिरवे आहेत. म्हणजे पुढची पाळी यांची. कोणीतरी खूण करून ठेवलीय.

कोण? ज्याला प्लॉट माहीत आहे. ज्याला मी कधी येते, कधी नाही, हे माहीत आहे. ज्याच्याकडे कोयता आहे.

संध्याकाळी उतरताना जैतू भेटला. लेपाचं विचारलं. “मला नाय ठाव.” त्याच्या नखांत माती होती. शेतकऱ्याच्या नखांत माती असायचीच, मान्य. पण ती बघून त्यानं हात मागे का घेतला?

५ नोव्हेंबर, मंगळवार

दिवाळी करून परत आले. जैतूच्या बायकोनं, बाईजानं, केळीच्या पानात बांधून करंज्या पाठवल्या होत्या. खाल्ल्या नाहीत. लाच घेतल्यासारखं वाटलं.

६ नोव्हेंबर

दोन खाल्ल्या.

१० नोव्हेंबर, रविवार

साईनाथनं प्लॉटातल्या ऐनाला कॅमेरा बांधला. बिबट्यांचे फोटो घेतात तो. आपण गुपचूप कोणावर तरी नजर ठेवतोय याची लाज वाटायला हवी होती. मला मजा वाटली. खरं ते लिहावं.

१७ नोव्हेंबर, रविवार

सापडला.

सकाळी सहा चाळीस. झाड नंबर एकतीस. एका हातात बालदी, दुसऱ्या हातात कोयता. पहिल्या फोटोत कोयत्याचं टोक सालीला लावलंय. दुसऱ्यात बालदीत हात. तिसऱ्यात नुसता झाडाला तळवा टेकून उभा आहे, मान खाली. हा तिसरा धूसर आलाय. त्याचं काही करता येणार नाही.

दोन वर्षं या माणसाच्या मागे मागे मी डोंगर चढले. साप आडवा आला तेव्हा यानंच मला मागे ओढलं होतं. रडू आलं मला. रागाचं होतं, असं म्हणू या.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

संस्थेच्या साहेबांना दोन फोटो पाठवले. ठाण्याहून लगेच फोन. “पुरावा चोख आहे. उशीर नको.”

दुपारी ऑफिसात जैतूला बोलावलं. साईनाथनं फोटो पुढे ठेवला. “हा कोयता कशाला?”

जैतूनं फोटो पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं, चांगलं मिनिटभर. म्हणाला, “मॅडमना इचारा.”

म्हटलं, मला काय विचारायचं?

“काय नाय.” बस! टेप आणि दोरी परत केली. दोरी धुऊन वाळवून आणली होती.

कामावरून बंद. नुकसानीच्या फॉर्मवर ‘कारण: मानवी’ लिहिलं आणि संशयिताच्या रकान्यात त्याचं नाव. वीस डिसेंबरला माझा जबाब आहे. तो नोंदला की जैतूवर वनगुन्हा. या वयात कोर्टाच्या खेपा. मी काय करू? पेरावं तसं उगवतं.

२ डिसेंबर, सोमवार

नवा मदतनीस पंकज ऐनाला किंजळ म्हणतो, आणि किंजळाला ‘ते पलीकडचं’.

१२ डिसेंबर, गुरुवार

प्लॉट सात. लेप सुकून तडकलाय, ठिकठिकाणी गळून पडलाय. चौदांपैकी दोन साग पिवळे पडलेत. बाहेरचे अजून पान धरून आहेत, तेव्हा ही पानगळ नव्हे.

जैतूला बंद करून तीन आठवडे झाले, तरी झाडं जाताहेतच! म्हणजे त्याला साथीदार आहे. हे माझ्या आधीच लक्षात यायला हवं होतं. चौदा झाडं लेपायची म्हणजे एवढं शेण एकटा माणूस रोज कुठून आणणार?

१८ डिसेंबर, बुधवार

साथीदार शोधायला वाडीवर गेले. जैतू घरी नव्हता, चौकशीचे कागद घेऊन मुरबाडला गेला होता. बाईजा अंगणात सूप घेऊन तांदूळ पाखडत होती. मला बघून थांबली नाही.

सरळ विचारलं, झाडांना शेण फासायला जैतूबरोबर कोण जायचं?

“कोन जानार? बालदी मीच भरून देत व्हते. दारात दोन म्हशी हायेत ना.”

एवढी सहज कबुली!

“झाडाला लागलं का आमी शेन-माती लावतो गो. आंब्याला लावतो, फनसाला लावतो. कुजलेली साल कोयत्यानं काढायची नि वरून लेप. त्यात काय चोरी हाय?”

मग त्यानं मला सांगितलं का नाही? एवढा फोटो समोर ठेवला तरी?

सूप तेव्हा थांबलं. “मी लय भांडले त्याच्याशी. तो म्हनं, सांगितलं तर पोरीची नोकरी जाईल. शिकलेली हाय, पन लहान हाय, चुकली. झाडं वाचली तर कोनाला कलायचं पन नाय.”

चुकली? कोण, मी? कशात?

“त्ये तुमालाच ठाव. मी काय तवा जंगलात नव्हते.” आणि परत पाखडायला लागली.

पटलं नाही. बायको नवऱ्याचीच बाजू घेणार. पण उतरताना दोनदा घसरले.

परवा जबाब. तारखा चोख हव्यात. नंबर कोणत्या दिवशी टाकले, कोयता कोणाच्या हातात होता, सगळं मी गेल्या वर्षीच्या वहीत लिहून ठेवलंय. ती मुरबाडला घरी, कपाटात आहे. उद्या सकाळच्या एस.टी.नं जाऊन आणते. वही काही कोणाची बाजू घेणार नाही.

१९ डिसेंबर, गुरुवार

गेल्या वर्षीची वही. ९ नोव्हेंबर. अक्षर माझंच आहे, म्हणून जसंच्या तसं उतरवते —

‘प्लॉट सातचे नंबर पूर्ण! ऐनाची खडबडीत साल तासल्याशिवाय रंग धरत नाही, हे आधीच्या प्लॉटांत कळलंच होतं. इथेही सगळ्यांना तेच. जैतूकडून छातीच्या उंचीला गोल पट्टा तासून घेतला, आतला कोरा थर दिसेपर्यंत, म्हणजे रंग टिकेल. सागाशी आल्यावर थांबला. म्हणे, सागाची साल पातल हाय बाय, याला नको, मरंल. म्हटलं, सगळ्या झाडांना एकच पद्धत, नाहीतर शास्त्र कसलं? नऊ साग मी म्हटलं तसे खोल तासले. मग मी डबा खायला बसले, तेवढ्यात उरलेले चौदा यानं वरवर तासून ठेवले. चांगलीच ओरडले. दिवसभर तोंड पाडून होता. हट्टी माणूस!’

२० डिसेंबर, शुक्रवार

‘कारण: मानवी’ तसंच ठेवलं. खालच्या रकान्यातलं जैतूचं नाव खोडलं आणि माझं लिहिलं. साईनाथ म्हणाला, “मॅडम, एकदा साहेबांशी बोलून घ्या.” म्हटलं, नंतर. बारा साग अजून हिरवे आहेत. बालदी घेतलीय, बाईजाकडे शेण मागायला चाललेय. देईल की नाही, माहीत नाही.