मातोश्रींना सूर्य मावळेपर्यंत उपाशी बसवल्याबाबत

दि. १६ फेब्रुवारी १९७८

प्रति,
मा. स्थानक अधिकारी,
गगनदूत स्वस्त हवाई सेवा,
धावपट्टी कार्यालय, सांगली.

विषय : सकाळी आठचे मुंबई विमान तीन वेळा न सुटल्याबाबत तक्रार व येत्या शनिवारसाठी एक विनंती.
संदर्भ : माझे दि. ८ व दि. १२ चे अर्ज. (उत्तर नाही.)

महोदय,

अर्जदार पायगोंडा बाळगोंडा पाटील, राहणार माधवनगर. शाळा चौथीपर्यंत, बाकीचे वाचून वाचून शिकलो. भाषा खडबडीत वाटली तर वाटू द्या.

१) माझ्या मातोश्री गुणमाला, वय ६८. डावा डोळा जुनाच गेलेला. उजव्याचा आतला पडदा सुटू लागला आहे. मिरजेच्या डॉक्टरांनी मुंबईला ऑपरेशन सांगितले आणि बजावले, की वाटेत हादरे बसता कामा नयेत. एवढ्याचसाठी आम्ही तुमच्या विमानाच्या नादी लागलो.

२) दि. ७ रोजी सकाळी सातला हजर झालो. आम्ही जैन. मातोश्री सूर्य मावळल्यावर पाण्याचा घोटही घेत नाहीत, हे तुमचे कारकून लालासाहेब यांना आल्या आल्या सांगितले. तरी डबा उघडला की हे पळत येत : "काकी, खाऊ नगा, वर मळमळतंय. आता सुटतंयच." दहाला हेच, बाराला हेच, तीनला हेच. विमान मुंबईहून निघालेच नव्हते, आणि हे त्यांना सकाळपासून ठाऊक होते! विमान उतरले सहाला. सूर्य मावळला, आणि मग कंपनीतर्फे फुकट पुडके आले. त्यात बटाटेवडा. आम्ही जमिनीखालचे खात नाही. यावर लालासाहेब म्हणतात, "काकी, वर गेल्यावर सूर्य परत दिसतोय. तितं जेवा की." मातोश्री म्हणाल्या, "व्हय बाबा, पण वर नेणार कवा?" पाच मिनिटांत फळ्यावर लिहिले : धावपट्टीवर दिवे नसल्याने उड्डाण रद्द. हे दिवे सकाळी होते काय?

३) दि. ११ रोजी विमान आले, वैमानिक आजारी. दि. १४ रोजी दोघेही आले, तर चाकात बाभळीचा काटा. तुमच्या मिस्त्रीने माझ्याकडे सायकलचा पंप मागितला. मी दिला. एवढा मी मूर्ख. तुमच्या कचेरीची पायरी चढायची आता मला किळस येते.

४) काल मुंबईच्या डॉक्टरांचे पत्र आले. सोमवार दि. २० पर्यंत आणा, त्यानंतर आणून उपयोग नाही. मातोश्रींना आता समोरच्या माणसाचे डोके दिसते, तोंड दिसत नाही. मी बोललो की मला ओळखतात.

५) सबब तुमचा नाद सोडला. शेजारी आकाराम फौजेत ड्रायव्हर होता, त्याचा ट्रक आहे. गिरणीतून सैल कापूस आणून हौदा कमरेइतका भरला आहे. मधोमध मातोश्रींना निजवून शनिवारी दिवस उगवल्यावर निघणार, बैलगाडीच्या चालीने. डॉक्टरांनी नको म्हटलेलेच करतो आहे. दुसरा मार्ग तुम्ही ठेवला नाही.

६) आता विनंती. दि. १४ रोजी तुम्ही आईला शनिवारचा शब्द दिलात. तिचा तुमच्यावर अजून विश्वास आहे, याचीच मला जास्त चीड येते. "सायबानं शब्द दिलाय, शनवारी जाईल बघ इमान," म्हणून ती ट्रकात बसेना. शेवटी मी सांगितले, की कंपनी बुडाली, विमान विकले. जन्मात आईशी खोटे बोललो नव्हतो, ते तुमच्यापायी बोललो. शनिवारी आठच्या पुढे आम्ही इस्लामपूरच्या वाटेवर असू आणि तुमची वाट आमच्या डोक्यावरून जाते. डोळा गेला तरी तिचे कान शाबूत आहेत. वर आवाज झाला तर ती गाडी मागे वळवायला लावेल, आणि ती म्हणाली तर आकाराम वळवेल. मग सोमवार गाठणे नाही.

तरी शनिवारी विमान वेळेवर सोडू नये. दुपारी तीनपर्यंत जमिनीवरच ठेवावे. कारण काय द्यायचे ते लालासाहेबांना विचारा.

आपला, काल-परवापर्यंत नम्र असलेला,
पायगोंडा बाळगोंडा पाटील

सोबत : डॉक्टरांच्या पत्राची नक्कल.