ओली भिंत

पिंपळवंडी, मंगळवार, दिवेलागणीला

माजघराची भिंत आज पुन्हा ओली. भर उन्हाळ्यात. आत पाइपही नाही.

दुपारी वाळूवाल्यांच्या नव्या गटाच्या करारावर सही केली. यापुढे नदी ओरबाडायची नाही, वाळू कुठून उचलली ते खरं लिहून द्यायचं. माझ्या या घराच्या बांधकामाची वाळू कुठली, म्हणून तिथं विचारलं. मी बेधडक सांगितलं, "स्मशानाखालच्या वळणावरची."

शेजारचे किसनदादा हळूच म्हणाले, "राव, तिथंच तुमच्या आप्पांची राख सोडली व्हती."

कसं विसरलो मी? वडिलांच्या अस्थी सावडायला मीच पुढे होतो. महिन्याभरात तिथं ट्रॅक्टरही मीच घातला.

आत्ता भिंतीला हात लावला. ओली आहे, पण गार नाही. कोमट.

आईची खाट पहिल्या दिवसापासून याच भिंतीला लागून आहे. कुणाला हलवू देत नाही.