चिंचेची मोळी

यांग विहीणबाईंना,

तुम्हाला आमची लिपी येत नाही. हे पत्र वाचून दाखवणार माझीच मुलगी, म्हणून ते धाडणार नाही.

बुआवान बाळंत झाल्याचं कळलं तेव्हा मी निघाले होते. गुडघा धरला म्हणून आले नाही, असं तिला फोनवर सांगितलं ते खोटं. आम्हा लाओ लोकांत बाळंतीण विस्तवाशेजारी निजते आणि विस्तव तिची आई राखते. म्हणून परसातली, धूर न करणारी चिंचेची लाकडं बांधून लुआंग प्राबांगच्या स्टेशनावर गेले. तुमच्या चीनच्या गाडीचं तिकीटही काढलं होतं. तपासणीवाल्याने मोळी अडवली.

“आजी, गाडीत सरपण चालत नाही.”

“मी काय डब्यात चूल मांडणार आहे?”

“चीनमध्ये लाकडं मिळत नाहीत का?”

“मिळतात. तुझ्या बायकोला चालतील. माझ्या मुलीला धूर सोसत नाही.”

रांगेतले लोक हसले. रिकाम्या हाताने जायचं तर मी आई कसली, पाहुणीच. मोळी उचलून घरी आले.

काल बुआवान म्हणाली, “आई, इथे शहरात सरपण मिळेना, तर सासूबाईंनी माझ्यासाठी स्वतःची खाट फोडून शेगडी पेटवलीय. नुसता धूर! पण जागच्या हलत नाहीत.”

तुमच्यात ही रीत नाही, तरी केलीत. पण रंग दिलेलं लाकूड कोणी जाळतं का हो?

उद्याच्या गाडीने येते, मोळीशिवाय. विस्तव मी राखीन, तुम्ही निजा. कशावर निजायचं ते तुमचं तुम्ही बघा, खाट तर जाळलीत.

बुआवानची आई,
खामफेंग